सातव्या महिन्यातलं डोहाळजेवण: करू की नको? (बाळाला टीजीए, २६ आठवडे)

कऱ्हाडची_लेक

नमस्कार मंडळी. इथे बरीच वर्षं वाचते, लिहिते क्वचित. आज लिहायला बसले कारण घरात सगळं बोलून झालंय, आणि जे उरलंय ते घरात बोलता येत नाही.

मला २६वा आठवडा आहे, पहिलंच. विसाव्या आठवड्यात अ‍ॅनोमली स्कॅनला गेलो. "हे बघा नाक, ही बोटं, अंगठा चोखतंय" असं मस्त चाललं होतं. आणि डॉक्टर बोलता बोलता गप्प झाल्या. मग नुसतं मशीनच्या बटणांची टकटक. दोन दिवसांनी फीटल इको (पोटातल्या बाळाच्या हृदयाची सोनोग्राफी) झाला आणि निदान हातात आलं: टीजीए. इकोवाल्या डॉक्टरांनी केसपेपरच्या मागे पेनाने दोन नळ्या काढून समजावलं. हृदयातून निघणाऱ्या दोन मोठ्या धमन्या एकमेकींना ओलांडून जातात. आमच्या बाळाच्या त्या शेजारीशेजारी सरळ वर गेल्यात, आणि चुकीच्या कप्प्यांतून निघाल्यात. म्हणजे अशुद्ध रक्त फिरून अंगातच, आणि शुद्ध रक्त फिरून फुप्फुसातच. पोटात आहे तोवर काहीच बिघडत नाही, ऑक्सिजन वारेतून येतो. वजन उत्तम, वाढ उत्तम, लाथांचं तर विचारू नका. बाहेर आलं की मात्र तासांचा हिशोब.

आम्ही पुढे जायचं ठरवलंय. त्या निर्णयावर कृपया चर्चा नको.

प्रश्न वेगळाच आहे. सासूबाईंना सातव्यात डोहाळजेवण करायचंय. फुलांची वाडी, झोपाळा, पेढा-बर्फीच्या वाट्या, सगळं. मला पन्नास बायकांसमोर हिरवी साडी नेसून हसत बसायचं नाहीये. त्यांनी पालीच्या खंडोबाला बोलून ठेवलंय, बाळ घरी येईपर्यंत चहा बंद. दिवसाला सहा कप पिणारी बाई. दुपारी डोकं धरतं, तेव्हा कपाळाला फडकं आवळून पडून राहतात. आणि तो नळ्यांचा कागद! मी फाइलीत शोधशोध शोधला. तर तो देवघरात, खंडोबाच्या टाकापुढे. एका नळीवर हळद, दुसरीवर कुंकू. मी ओरडले त्यांच्यावर. त्या काही बोलल्या नाहीत, तेच जास्त लागलं.

माझं म्हणाल तर मी लहानपणापासून रोज संध्याकाळी रामरक्षा म्हणणारी. गेले सहा आठवडे हृदयाची ओळ आली की अडकते. पुढचं आठवतच नाही.

तर, डोहाळजेवण करू का? आणि ज्यांनी असे आठवडे काढलेत, त्यांनी ते काढले कसे?

चहाबाज

सहा कपांवरून शून्यावर? सासूबाईंना साष्टांग. मी फार तर कारलं सोडलं असतं. काळजी घ्या, जाणकार येतीलच.

पैठणीवाली

करा हो! आमच्याकडे म्हणतात, गर्भारशीने हौस मारली की बाळाचे कान फुटतात. कौतुक होऊ दे. एक दिवस तरी डॉक्टर-रिपोर्ट बाजूला ठेवून गजरे माळा. मी तर दोन केली, माहेरचं आणि सासरचं. झोपाळ्यावरचे फोटो अजून बघते.

तर्ककर्कश

स्पष्ट बोलतो, राग मानू नका. खंडोबा येऊन बाळाचा व्हॉल्व्ह दुरुस्त करणार आहे का? २१व्या शतकात शिकलेल्या घरात वैद्यकीय कागदाला हळदकुंकू? ऑपरेशनसाठी पैसे जमवा, चहा सोडून काय होणार.

मंगळवारची

@तर्ककर्कश, व्हॉल्व्ह नाही, धमन्या. टीका करायची तर आधी धागा वाचावा.

@लेक, माझी गोष्ट वेगळी आहे पण वाट पाहणं तेच, म्हणून लिहिते. माझ्या रक्तात अँटी-आरओ नावाच्या अँटीबॉडी निघाल्या. मला स्वतःला तोवर डोळे कोरडे पडण्यापलीकडे काही होत नव्हतं. या अँटीबॉडी वारेतून बाळात जातात, आणि काही थोड्या बाळांत हृदयाची आतली वायरिंग खराब करतात. सोळाव्या आठवड्यापासून दर मंगळवारी इको. बाळाचे ठोके मिनिटाला ११० ते १६० हवेत. एकविसाव्यापर्यंत दर मंगळवारी १४० च्या आसपास. बाविसाव्याच्या मंगळवारी ५८.

त्यानंतरचे सोळा मंगळवार मी कसे काढले ते खरंच सांगता येत नाही. एवढंच आठवतं की सोमवारी रात्री मी पोळ्या करायचे. चौघांच्या घरात चाळीस पोळ्या. नवरा निमूट डब्यात भरून शेजारी वाटायचा. शेजाऱ्यांना वाटलं आम्ही पोळीभाजी केंद्र काढतोय.

लेकीला जन्मल्यावर पेसमेकर बसला. आता चौथीत आहे. पोटावर बॅटरीचा उंचवटा आहे, त्याला तिने नाव ठेवलंय, ते इथे सांगितलं तर मला मारेल.

डोहाळजेवण मी केलं नाही. पश्चात्ताप नाही. पण केलं असतं तरी झाला नसता बहुतेक.

सात्त्विक_जीवन

ताई, निराश होऊ नका. माझ्या मावसबहिणीच्या बाळाच्या हृदयाला भोक होतं. रोज गर्भसंस्काराचे मंत्र ऐकवले, आणि विशिष्ट तूप. नवव्या महिन्याच्या सोनोग्राफीत भोक गायब! डॉक्टरही थक्क. माहिती हवी असल्यास व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.

भूल_देणारा

मी लहान मुलांच्या हृदयाच्या ऑपरेशनना भूल देतो. सहसा अशा धाग्यांवर लिहीत नाही, पण वरच्या प्रतिसादामुळे लिहावं लागतंय.

कप्प्यांमधल्या पडद्याला असलेली लहान भोकं पुष्कळदा आपोआप बुजतात. काही पोटात, काही जन्मानंतर. मंत्र म्हणा, तूप खा, नाहीतर रोज वडापाव खा. म्हणून चमत्काराच्या गोष्टी भोकांच्याच ऐकू येतात. टीजीए आपोआप सरळ होत नाही. अदलाबदल झालेल्या धमन्या पोटात फिरून जागेवर येत नाहीत. ज्यांना तशी आशा कोणी विकेल, त्यांनी कृपया पाकीट आत ठेवावं.

आता खरी आशा. जन्माआधी सगळ्याच बाळांत त्या दोन धमन्यांना जोडणारी एक छोटी नळी उघडी असते, ती जन्मानंतर मिटत जाते. ती उघडी ठेवायला प्रोस्टाग्लँडिनचं ड्रिप लावतात. गरज पडली तर पायाच्या किंवा नाळेच्या शिरेतून फुगा नेऊन वरच्या दोन कप्प्यांमधल्या पडद्यातलं भोक मोठं करतात, म्हणजे शुद्ध-अशुद्ध रक्त निदान मिसळतं. ही युक्ती १९६६ पासूनची. मग साधारण पहिल्या एक-दोन आठवड्यांत मुख्य ऑपरेशन: दोन्ही धमन्या कापून अदलाबदल करून शिवायच्या, आणि हृदयाला स्वतःला रक्त देणाऱ्या बारक्या धमन्यासुद्धा उचलून नव्या जागी बसवायच्या. अवघड तेच. हे पहिल्यांदा यशस्वी केलं ब्राझीलच्या डॉ. अदिब जातेने यांनी, १९७५ साली. आज अनुभवी केंद्रांत शंभरातली पंच्याण्णवच्या वर बाळं यातून नीट बाहेर पडतात.

आणि तुमच्या स्कॅनवाल्या डॉक्टरांना माझा नमस्कार सांगा. टीजीएत हृदयाचे चार कप्पे बघितले तर चित्र बहुतेकदा अगदी नॉर्मल दिसतं. वर निघणाऱ्या धमन्या मुद्दाम बघाव्या लागतात. त्या गप्प झाल्या म्हणजे त्या बघत होत्या. जन्मानंतर निळं पडल्यावर धावाधाव झालेली बाळं आमच्याकडे येतात, त्यांच्यापेक्षा तुमचं बाळ कितीतरी पुढे आहे. बाळंतपण अशाच ठिकाणी करा जिथे बाळाचं हृदयाचं ऑपरेशन होतं, किंवा अगदी शेजारी. याला पर्याय नाही.

डोहाळजेवणाबद्दल वैद्यकीय मत: गोड बेताने. शुगर तपासली का?

चहाबाज

डॉक्टर, "नाहीतर रोज वडापाव खा" हे मी बायकोला वैद्यकीय सल्ला म्हणून दाखवतोय.

संपादक मंडळ

सात्त्विक_जीवन यांचा व्यनिचा प्रस्ताव धोरणात बसत नाही. पुन्हा आल्यास खातं गोठवलं जाईल.

निशिगंध

इथे लिहावं की नाही याचा दोन दिवस विचार केला. लेक, तुमच्या बाळाचा आजार वेगळा आहे आणि डॉक्टरांनी वर सांगितलेले आकडे खरे आहेत. माझं वाचून घाबरणार असाल तर पुढच्या प्रतिसादावर जा.

माझं २०१२चं. बाळाच्या हृदयाची डावी बाजू वाढलीच नव्हती. कळलं तेव्हा तेविसावा आठवडा होता आणि तेव्हा गर्भपाताला कायद्याची मर्यादा २० आठवडे. आता २४ केलीय आणि गंभीर व्यंग असेल तर त्यापुढेही मेडिकल बोर्डाकडे जाता येतं, पण तो बदल २०२१चा. आम्हाला निर्णय घ्यायचाच नव्हता, घेतलेला होता. सोळा आठवडे मी असं बाळ वाढवलं, ज्याच्याबद्दल सगळे माझ्याशी भूतकाळात बोलत होते.

आणि "पॉझिटिव्ह राहा". हे ज्याने त्याने सांगितलं. जणू माझं मन खचलं की बाळाचं हृदय खचणार. देव मानणाऱ्यांनी श्रद्धा ठेव म्हणून सांगितलं, न मानणाऱ्यांनी पॉझिटिव्ह राहा म्हणून, आणि दोघांचाही अर्थ एकच होता, की काही वाईट झालं तर तू कमी पडलीस.

ती सहा दिवस होती. पाचवीला आईने एनआयसीयूच्या बाहेरच्या बाकड्यावर कोरा कागद आणि पेन ठेवलं. सटवाई येऊन लिहिते ना त्या रात्री. सिस्टर हटकायला आली, कागद बघितला, आणि पेनाचं टोपण काढून ठेवून गेली. मी देव मानत नाही, तेव्हाही मानत नव्हते. पण माझ्या मुलीची पाचवी झाली. तिच्या बाबतीत झालेली ती एकच गोष्ट, जी कुठल्याही बाळाची होते.

म्हणून म्हणते, डोहाळजेवण करा किंवा करू नका, पण "अशुभ झालं तर?" म्हणून टाळू नका. असं काही झालंच तर आपण त्याचं काहीच केलं नाही, हे फार टोचतं.

तर्ककर्कश

@निशिगंध, वाचलं. माझा वरचा प्रतिसाद काढता आला असता तर काढला असता.

२००८ मध्ये मुंबईच्या एका जोडप्याचं प्रकरण उच्च न्यायालयात गेलं होतं, बाळाच्या हृदयाचंच. परवानगी नाकारली गेली. तेव्हा मी कॉलेजात होतो आणि कायद्याच्या बाजूने हिरिरीने भांडलो होतो. कोणाशी, कशासाठी, आता आठवत नाही.

म्हापशेकार

आमच्या गोंयांत बघा, आई माझी पक्की हिंदू, देवी लईराईची भक्त. पण माझ्या धाकट्याच्या वेळी बहिणीचं रक्त थांबेना तेव्हा ती थेट म्हापशाला मिलाग्रिस सायबिणीकडे तेल घेऊन गेली. आमच्याकडे सायबीण म्हणजे लईराईची बहीणच मानतात, त्यामुळे कोणाला त्यात वावगं वाटत नाही. मी विचारलं, आई, लईराईला राग नाही का येणार? म्हणाली, "एकीचो फोन लागना जाल्यार दुसरेक लावचो."

मंगळवारची

हे फारच आवडलं :)

पैठणीवाली

@म्हापशेकार, "धाकट्याच्या वेळी बहिणीचं"? मूल कोणाचं? गोंधळले.

म्हापशेकार

धाकटा भाचा हो. घाईत लिहिलं.

रात्रपाळी

बाबा लोकांपैकी कोणीच दिसत नाही म्हणून लिहितो. आमच्या मुलाला फॅलोट (हृदयाचाच एक जन्मजात दोष) होतं, चोविसाव्या आठवड्यात कळलं. सगळे बायकोला विचारायचे कशी आहेस. मला विचारायचे, ती कशी आहे.

तिला झोप यायची नाही. मग मी पोथी मोठ्याने वाचायला लागलो. रोज तीन अध्याय. माझा काडीचा विश्वास नाही, शाळेनंतर मोठ्याने मराठी वाचलंही नव्हतं. पण त्या ओव्यांची चाल अशी आहे की दुसऱ्या अध्यायाला ती घोरायची. एकदा मी कंटाळून मध्येच थांबलो तर झोपेतच म्हणाली, "पुढे." मुलगा सात महिन्यांचा असताना ऑपरेशन झालं. आता वय पाच. त्याला झोपवायला पोथी चालत नाही, ट्रॅक्टरचं पुस्तक लागतं.

@लेक, तुमच्या मिस्टरांना विचारा कधीतरी. उत्तर येणार नाही, पण विचारा.

आणि पैशांचं तर्ककर्कश बोलले त्यात तथ्य आहे, टोन सोडला तर. रेशनकार्ड, आधार आत्ताच काढून ठेवा. महात्मा जोतीराव फुले योजनेत लहान मुलांची हृदयाची ऑपरेशनं आहेत, पण रुग्णालय योजनेत आहे का ते आधी विचारायचं. जिल्हा रुग्णालयातून आरबीएसके, म्हणजे राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमातूनही मदत होते. खारघरला सत्य साई संजीवनीत मुलांच्या हृदयाची ऑपरेशनं मोफत होतात, तिथे बिलाची खिडकीच नाही. कंपनीची पॉलिसी असेल तर एचआरला लेखी विचारा की बाळ पहिल्या दिवसापासून धरलंय का. आम्ही तोंडी विचारलं होतं. पुढचं विचारू नका. मोठ्या रुग्णालयांत समाजसेवा अधीक्षक असतात, डॉक्टरांच्या आधी त्यांना भेटा.

न्यूजर्सीकर

इथे सगळ्यांना मुलगा-मुलगी आधीच माहीत असतं, त्यामुळे पेढा-बर्फीच्या वाट्यांना कोणी विचारत नाही. माझ्या डोहाळजेवणाला वाटी उघडली तर त्यात गुलाबजाम. नणंदेने मिठाईच चुकीची आणली होती.

आज्जी_ऑनलाइन

मुली, तुझा धागा नातीने वाचून दाखवला. मी फोनवर बोलून लिहिते, चुका झाल्या तर सांभाळून घे.

तुम्ही सगळे डोहाळजेवणच घेऊन बसलात. चोरओटी विसरलात का? तिसऱ्या महिन्यात, बाहेर कोणाला सांगायचं नसतं तेव्हा, घरातल्या घरात गुपचूप ओटी भरतात. आरशापुढे नाही, फोटो नाही, गाणी नाहीत. मूठभर तांदूळ, हळकुंड, सुपारी, नारळ, खण. पूर्वी दिवस टिकतील की नाही याची खात्रीच नसायची. माझ्या सासूची बारा बाळंतपणं, जगली पाच, म्हणजे माझा नवरा धरून. त्या काळच्या बायकांना भीती काय ते माहीत होतं, म्हणूनच ही चोरून भरायची ओटी काढली असणार. तुझी सातव्यात भरली तर कुठलं शास्त्र मोडतं? सासूला सांग, चोरओटी करू.

आणि चहाचं. तिला तिचा चहा सोडू दे गं. तुझ्या पोटात बाळ आहे, तुझ्या हाताला धरायला काहीतरी आहे. तिच्याकडे काय आहे?

चहाबाज

आज्जी, तुम्हाला नमस्कार. आज विनोद नाही.

भूल_देणारा

माझ्या ओटीत रोज आई-बाप अंगारा, ताईत, कुठल्या तरी दर्ग्याचा धागा घेऊन येतात. निर्जंतुक भागात नेता येत नाही. आमची एक सिस्टर ते सगळं छोट्या प्लास्टिकच्या पिशवीत घालते, वर बाळाचा नंबर लिहिते आणि ट्रॉलीच्या खालच्या कप्प्यात ठेवते. ऑपरेशन संपेपर्यंत पिशवी तिथेच. तसा नियम वगैरे काही नाही. मी बारा वर्षं बघतोय.

पैठणीवाली

ओटीत? ओटी भरायची चर्चा चाललीय आणि डॉक्टर त्यांची ओटी :D

भूल_देणारा

ऑपरेशन थिएटर हो, पैठणीवाली.

कऱ्हाडची_लेक (२८ आठवडे)

सगळ्यांचं वाचलं, काही दोनदा. निशिगंध, तुमचं मी त्या रात्री वाचलं आणि दुसऱ्या दिवशी नवऱ्याला वाचायला दिलं. तो वाचून गॅलरीत गेला. रात्रपाळी, मी विचारलं. उत्तर आलं नाही.

चोरओटी झाली काल. सासूबाईंना वाटलं मी थट्टा करते. मग म्हणाल्या, "माझीही भरली होती, तुझ्या नवऱ्याच्या आधीच्या वेळेस." आधीच्या? अकरा वर्षांच्या ओळखीत मला कोणी हे सांगितलं नव्हतं. पाचव्यात गेलेलं. का गेलं ते त्यांना कोणी सांगितलं नाही, कोणी बघितलंच नाही. तेव्हा कुठली सोनोग्राफी. पदर पसरून बसले होते, त्यांनी तांदूळ घातले, आणि हात तिथेच राहिला थोडा वेळ, कारण नेमकं तेव्हाच आतून लाथ बसली. त्या म्हणाल्या, "जोर आहे." बस, एवढंच झालं. नंतर आम्ही दोघींनी थालीपीठ खाल्लं. शुगर नॉर्मल आहे, डॉक्टर.

तो कागद मी देवघरातच राहू दिलाय. फाइलीसाठी त्याचा फोटो काढला. हळदीसकट.

मंगळवारची

थालीपीठ! लोणी होतं का?

कऱ्हाडची_लेक

होतं. विचारताय काय.

तर्ककर्कश

हा धागा मी बुकमार्क केलाय. सासूबाईंच्या चहाची चौकशी करायला येत राहीन.

कऱ्हाडची_लेक (३६ आठवडे)

बऱ्याच जणांनी व्यनि केले म्हणून लिहिते. आम्ही रुग्णालयापासून चालत सात मिनिटांवर एक खोली घेतलीय, महिन्याच्या बोलीवर. तारीख साधारण ठरलीय, एकोणचाळिसाव्यात. हृदयाचे सर्जन भेटले. त्यांनी पुन्हा एका कागदावर तेच चित्र काढलं आणि या वेळी बाणांनी अदलाबदल करून दाखवली. सासूबाईंनी लगेच हात पुढे केला. मी म्हटलं, हा फाइलीत. त्या म्हणाल्या, बरं. कागदपत्रं झाली, एचआरचं लेखी आलं. खोलीत चहाचं सामान आहे, त्या आमच्यासाठी करतात आणि स्वतः पाणी पितात.

बाकी काही नवीन नाही. दिवस जात नाहीत आणि आठवडे भराभर जातात.

रामरक्षा मला अजून म्हणता येत नाही. संध्याकाळी सासूबाई म्हणतात, मी पडून ऐकते. हृदयाच्या ओळीला त्या अजिबात थांबत नाहीत. कारण त्यांना ती नीट पाठच नाहीये, भलतंच काहीतरी म्हणून पुढे जातात. मी सुधारत नाही.

उद्या पुन्हा इको. अकराला.

भूल_देणारा

इकोला उपाशी जायचं नसतं. खाऊन जा.